सावाकाठचे अठ्ठावीस दिवस

२८ सप्टेंबर

किल्ल्यात पोहोचलो. किल्ला कसला, चार बुरूज, एक गळकी कोठी आणि सुस्तावलेली सातशे माणसे. नदीकडच्या भिंतीची डागडुजी करून घ्यायची आणि कासिमच्या दिवशी, म्हणजे २६ ऑक्टोबरला, हिवाळा लागला असे धरून फौज त्राव्निकच्या छावणीत न्यायची, एवढाच हुकूम आहे. हे काम एखाद्या पोरसवदा कप्तानानेही केले असते. मी ते मागून घेतले. वजीरसाहेबांनी कारण विचारले तेव्हा म्हणालो, सावा नदीकाठची माती मला ठाऊक आहे. खोटे काहीच नव्हते.

झेनेल हवालदाराने बुरुजावर माझी खुर्ची मांडली. हा अल्बेनियाचा, साठीचा, एका कानाने ऐकण्यातून कायमचा मोकळा झालेला, आणि एकोणीस वर्षे माझ्यासोबत असल्याने जिभेनेही मोकळा. खुर्ची त्याने न विचारता नदीकडे तोंड करून ठेवली. मी म्हणालो, शत्रू दक्षिणेच्या डोंगरात आहे. तो म्हणाला, खुर्ची जड आहे, आता फिरवत नाही.

नोंदी तुर्कीत लिहायला बसलो होतो. वर पाहिले तर अक्षरे गावच्या शाळेतली आली आहेत. असोत. निदान कोठीवाला वाचणार नाही.

३० सप्टेंबर

सकाळभर धुके. ते नदीवर बसते, दोन्ही काठ पुसून टाकते, आणि पलीकडचे गाव पाण्यावाचून वर तरंगत राहते. आधी घंटाघराचे टोक दिसले, मग आमच्या घराचे, मग एक नाशपातीचे झाड. पाण्यावरून आवाज फार लांब येतो. तिकडचा कोंबडा, कुणी बादली आपटली ते, कुणी खोकले ते, सगळे उशाशी झाल्यासारखे ऐकू येते.

बावीस वर्षांचा होतो तेव्हा तिकडे सम्राटाच्या पलटणीत कारकून होतो. नाईकाने माझ्या वडिलांना पहाऱ्यावर डुलकी लागली म्हणून बाकावर पालथे घातले. पंचवीस छड्या ठरल्या होत्या. सातव्या छडीला मी छडी हिसकावली आणि नाईकालाच मारले. त्याच दुपारी काखेत दोन सुके भोपळे बांधून ही नदी ओलांडली. तिकडे माझ्या नावाचा फास होता आणि इकडे एका पाशाची मुले होती, ज्यांना भूमिती शिकवायला माणूस हवा होता. वर्षाच्या आत कलमा पढलो. रादोयेचा तैफूर झालो, मास्तरचा अधिकारी झालो, आता पाशा आहे. लोक विचारतात, मनापासून की पोटापायी. सुरुवात पोटापायी झाली असेल. पण अठ्ठावीस वर्षे दिवसातून पाचदा कपाळ टेकले की मनही मागोमाग येऊन बसते. त्याबद्दल मला काही दुखत नाही.

दुखते ते दुसरेच, आणि ते हास्यास्पद आहे. तिकडे प्रत्येक घराचा एक संत असतो. आमच्या घराचा दिमित्री. त्याचा दिवस मित्रोवदान, तोही २६ ऑक्टोबरच. एकाच दिवशी इकडे फौजा हलतात आणि तिकडे भाकर मोडतात. त्या दिवशी कुणाला बोलावणे धाडत नाहीत. ज्याला यायचे तो येतो, आणि आलेल्याला परतवत नाहीत. पाद्री घरची वही उघडून नावे वाचतो. वहीला दोन पाने, एक जिवंतांचे, एक मेलेल्यांचे.

माझे नाव कोणत्या पानावर आहे ते मला कळायला हवे. पाशा होऊन, पाठीवर तीन लढायांच्या खुणा घेऊन, मी एवढ्यासाठी इथे आलो आहे. लिहून टाकले, बरे वाटले.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आज रास्तेलला गेलो. पलीकडच्या काठावर कुंपण घातलेला बाजार आहे तो, मंगळवार-बुधवारी भरतो. आपल्या मुलखातून प्लेग येतो अशी तिकडच्यांची खात्री, म्हणून मध्ये दोन आडवे वासे, वाशांमध्ये तीन पावलांची मोकळी जागा, आणि तिथे लांब काठी घेतलेला पहारेकरी. आपण इकडून बोलायचे, त्यांनी तिकडून. नाणे व्हिनेगरच्या वाडग्यात टाकायचे. स्पर्श झाला की तिकडच्या माणसाची रवानगी थेट विलगीकरणाच्या घरात, दहा दिवस. त्यांचा माल इकडे खुशाल येतो. इकडचे खाण्यापिण्याचे काही तिकडे जात नाही.

मी धान्याच्या सौदागराचा कोट घातला होता. तिकडे अजून फास लोंबतोय तुमच्या नावाचा, असे झेनेल होडीत दोनदा म्हणाला. मी म्हणालो, त्या फासात अडकणारे पोर केव्हाच मोठे झाले.

आई वाशापलीकडे नाशपातीची टोपली घेऊन बसली होती. डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला आहे. शेजारी तिशीची एक बाई, तिला सगळे याग्लिका म्हणत होते, माझ्या भावाची मुलगी असणार. मी निघालो तेव्हा ती रांगत होती.

मी बोस्नियाच्या सौदागरांसारखे हेल काढून भाव विचारला. म्हातारीने कान इकडे वळवला. मग म्हणाली, “पुन्हा बोल रे सौदागरा. कमी ऐकू येतं मला.” पुन्हा बोललो. तिसऱ्यांदाही बोलायला लावले. कान मात्र विचित्र आहेत तिचे. याग्लिका लांब उभी राहून कुणाशी कुजबुजली ते तिने ऐकले आणि तिला दटावले. माझे वाक्य तेवढे तीनदा लागले.

टोपलीच्या तळातून चाचपून तिने एक नाशपाती काढली, देठाला पान असलेली, आणि मध्ये ठेववली. ओळखले नाही. अठ्ठावीस वर्षे, दाढी, वेगळा हेल, आंधळे डोळे, ओळखणार कशी. हेच बरे झाले. नाशपाती खिडकीत ठेवली आहे.

८ ऑक्टोबर

ताप. इथल्या दलदलीचा हा जुना पाहुणा. भिंतीचे काम चालू असल्याचे कानावर येते, बाकी सगळे पाण्याखाली असल्यासारखे. दुपारी डोळा लागला की मी पुन्हा नदीत असतो, काखेत भोपळे, आणि नदीला दुसरा काठच नसतो. भीती वाटत नाही. पोहतच राहावेसे वाटते.

नाशपाती पिकून खोलीभर वास सुटला आहे. झेनेलने खाऊ का विचारले. असे डोळे वटारले की तो बूट पुसायला लागला.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

ताप उतरला तसा रास्तेलला गेलो. तिने आज आधीच पान असलेली नाशपाती बाजूला काढली होती. गिऱ्हाईक ओळखीचे झाले म्हणून असेल. इकडचे तिकडचे बोललो. पाऊस, अक्रोड, नदीचे पाणी. मी घसा साफ करून बोलतो असे ती म्हणाली, तिच्या नवऱ्याचीही तीच खोड होती म्हणे. नवरा वारल्याला चोवीस वर्षे झाली. वडील गेल्याचे मला असे कळले, नाशपातीच्या भावासोबत. कोटाची गुंडी धरून उभा राहिलो.

मग ती म्हणाली, “तुझी आई आहे का रे, सौदागरा?”

पहारेकरी काठीवर रेलून ऐकत होता. त्याची नजर माझ्या दाढीवर होती. मी म्हणालो, “नाही. मेली ती. केव्हाच.”

तिला खोकल्याची अशी उबळ आली की टोपली कलंडली आणि नाशपात्या पहारेकऱ्याच्या बुटापर्यंत घरंगळल्या. याग्लिकाने तिला धरून नेले. छाती पार खराब झालेली दिसते. नदीकाठी राहून या वयात हे व्हायचेच.

१३ ऑक्टोबर

झेनेलबरोबर लिंडनच्या मधाची बरणी रास्तेलला पाठवली. परत आली. नियम म्हणजे नियम, इकडचा खाऊ तिकडे जात नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आईला काही पाठवले आणि ते एका काठीने परतवले. मी उभी शहरे घेतली आहेत, एक मधाची बरणी तीन पावले पुढे नेता येत नाही.

झेनेल बरणी ठेवत म्हणाला, म्हातारीला खोकला नाहीच. तासभर बसलेली पाहिली त्याने, एकदाही ठसकली नाही. मी त्याला सांगितले की तू हवालदार आहेस, हकीम नाहीस.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

ती आली नाही. याग्लिका एकटीच होती. आजी बरी आहे का, असे मी विचारले. ठणठणीत आहे, म्हणाली, पण येणार नाही म्हणते. तिचे माझ्याकडे पाहणे मला कळले नाही. बाजारात उधारी बुडवणाऱ्याकडे पाहावे तसे पाहत होती.

मी होडीत जाऊन बसलो आणि ठरल्याप्रमाणे झेनेलने तिला बोलण्यात गुंतवले. लसणाच्या भावावरून भांडला, मग हसवले, मग घरच्या संतावर आला, मग वहीवर. अर्ध्या तासाने येऊन समोर बसला. वल्ही हातात घेतली आणि तशीच ठेवली.

“मेलेल्यांच्या पानावर,” तो म्हणाला. “तुमच्या वडिलांच्या खाली.”

भावाने लिहवून घेतले. तो, व्हुकोसाव, पलटणीत आहे. पळालेल्याच्या घरी दरसाल चौकशी येते, मेलेल्याच्या घरी येत नाही. त्याने पोराबाळांसाठी केले. मी त्याच्या जागी असतो तर हेच केले असते, आणि म्हणूनच त्याच्यावर रागावताही येत नाही. फार वाईट वाटले. एवढे वाटेल असे वाटले नव्हते.

आईने कसे होऊ दिले, हेही झेनेलने विचारले होते. याग्लिका हसली म्हणे, आणि म्हणाली, ते आजीलाच विचारा.

२१ ऑक्टोबर

पुन्हा ताप. मेलेल्या माणसाला ताप येतो हे पाद्र्याला कळवायला हवे.

दुपारी स्वप्न पडले. धुक्यावर पाद्री उभा राहून नावे वाचतो आहे. वडील पाण्यात मांडी घालून बसले आहेत, भोपळ्याच्या बिया निवडत आहेत. माझे नाव येते. कवायतीत म्हणतात तसे मी ‘हजर’ म्हणायला तोंड उघडतो आणि शब्द फुटत नाही. वडील मान वर करत नाहीत. तेवढ्यात कुणी खोकले आणि जाग आली. झेनेल म्हणाला, मीच खोकलो.

झोपेत काही बोललो का, असे विचारले. तो म्हणाला, गावच्या भाषेत बोललात, नेहमीसारखे. नेहमीसारखे म्हणजे? तर म्हणे, एकोणीस वर्षे झोपेत मी दुसरी भाषा बोललेलोच नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मला वाटत होते मी ती भाषा विसरत चाललो आहे.

२३ ऑक्टोबर

भिंत पूर्ण झाली. चांगली झाली आहे. कोणी हल्ला करणार नाही अशा बाजूला एवढी भक्कम भिंत दुसरीकडे नसेल.

संध्याकाळी झेनेलने तोंड उघडलेच. “काखेत कळसा नि गावाला वळसा चाललाय तुमचा, पाशा. वहीतलं पान शोधताय. आणि म्हातारीनं समोर बसून विचारलं तेव्हा काय म्हणालात? माझा एक कान गेलाय, पण दुसरा तिथंच होता.”

आगाऊपणाबद्दल त्याला दोन दिवस दारूखान्याच्या पहाऱ्यावर लावले. एका सौदागराची आई मेली की जगली, त्याचे त्या बाईला काय? तिने मला ओळखलेले नाही. ओळखले असते तर बोलली असती. ओळखलेले नाही.

आता वाचून पाहिले तर हेच तिसऱ्यांदा लिहितो आहे.

२५ ऑक्टोबर

सामान बांधले. उद्या दुपारी कूच. खिडकीतली पहिली नाशपाती पार काळी पडली होती, तरी फेकवेना. बिया काढून रुमालात बांधल्या.

उद्या मंगळवारही आहे. रास्तेल उघडे असेल, कारण सम्राटाचे अधिकारी स्वतःच्या पंचांगाने चालतात. ते बारा दिवस पुढे आहेत, त्यांचा मित्रोवदान होऊनही गेला. पण घरचा दिवस सोडून ती येणार नाही. झेनेलला पहाऱ्यावरून बोलावून घेतले. सकाळी होडी तयार ठेव म्हणालो. तो म्हणाला, परवापासून तयार आहे.

२६ ऑक्टोबर, कासिम, मित्रोवदान

जसे घडले तसे लिहितो, सजवत नाही.

धुके इतके की होडी कुंपणाला धडकली तेव्हाच काठ आल्याचे कळले. बाजारात कोणी नव्हते. पहारेकरी काठीला टेकून पेंगत होता. मी वाशापाशी उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग धुक्यातून दोघी आल्या. आईने काळी नवी ओढणी घेतली होती आणि छातीशी फडक्यात काही धरले होते. घर पाहुण्यांनी भरले असताना यजमानीण उठून निघून आली होती.

मला वाटले, उकडलेले गहू आणले असतील. त्या दिवशी गहू उकडून त्यात अक्रोड आणि साखर घालतात, मेलेल्यांच्या नावाने. मला तेच मिळायला हवे होते. मी हात पुढे करायला तयार होतो.

तिने फडके सोडले. भाकर होती. मित्रोवदानची, वर चार कप्प्यांचा ठसा असलेली.

“गहू नाही आणले,” ती म्हणाली. “ते मेलेल्यांसाठी असतात.”

आणि ती वाशाखालून वाकून आत आली. पहारेकरी जागा झाला, आजी मागे हो म्हणाला, काठी आडवी केली. तिने काठी दिसतच नसल्यासारखी हाताने बाजूला केली, आणि खरेच दिसत नव्हती. मी माझ्या वाशाखालून कधी आत गेलो ते आठवत नाही. भाकरीची एक कड तिच्या हातात, एक माझ्या. तशीच मोडतात ती, दोघांनी धरून, तीनदा फिरवून. बोटांना बोटे लागली. तिची बोटे पिठाने खरखरीत होती.

भाकर फिरवताना ती हळू आवाजात बोलत होती, फक्त मला ऐकू येईल असे.

“पाद्री मेलेल्यांची नावं वाचतो ना, तुझं नाव आलं की मी खोकते. चोवीस वर्षं खोकते आहे, रादोये. व्हुकोसाव चिडतो, पाद्री थांबतो, पण एकदाही ते नाव तिथं धड वाचू दिलेलं नाही. देव म्हातारा झाला असेल आता माझ्यासारखा. खोकल्यात बुडालेलं त्याला कुठलं ऐकू जातंय.”

मी म्हणालो, “आणि मी तुला म्हणालो, माझी आई मेली.”

“तेव्हाही खोकलेच की.”

भाकर मोडली. मी रडलो, पन्नाशीचा पाशा, पहारेकऱ्यासमोर. आई रडली नाही. तिने माझा चेहरा चाचपला, दाढी ओढून पाहिली, आणि नाक बापाचेच आहे म्हणाली. मग विचारले, गेल्या मंगळवारी रागावून आले नाही, त्याचे वाईट वाटले का. खूप वाटले, असे सांगितले. वाटायलाच हवे होते, म्हणाली.

पहारेकऱ्याने नोंदवही काढली. आजीला दहा दिवस विलगीकरण, आणि ज्याला शिवली त्या माणसाचे नाव सांगा. ते जुने नाव या वहीत गेले असते तर भावाच्या घरी शिपाई पोहोचले असते आणि मीही इथून परतलो नसतो. आई लगेच म्हणाली, मोठ्याने, स्पष्ट, “तैफूर. तैफूर म्हणतात त्याला.”

म्हणजे तिला तेही ठाऊक होते. तिने ते नाव असे घेतले की जणू बाळाच्या कानात तिनेच पहिल्यांदा सांगितले असावे.

“दहाच दिवस?” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “मला वाटलं जास्त असतील.” मग त्याच्याच काठीचे टोक धरून निघाली. याग्लिकाने मला मान लववली आणि पाहुण्यांना काय सांगायचे या काळजीत घराकडे पळाली.

होडीत बसलो. अर्धी भाकर मांडीवर होती. झेनेलला त्यातली अर्धी दिली. त्याने खाल्ली आणि वल्ही उचलली.

२७ ऑक्टोबर

फौज मेजरच्या हाती देऊन काल दुपारीच रवाना केली. वजीरसाहेबांना लिहिले की ताप उलटला आहे, दहा दिवस प्रवास झेपणार नाही. झेनेलने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. गार लागते, म्हणाला. मग त्यानेच लखोट्यावर लाख ओतली.

रुमालातल्या बिया बुरुजाखाली, नव्या भिंतीच्या उबेला पेरल्या. नाशपातीला फळ धरायला वर्षे लागतात. लागोत.

आत्ता सकाळ आहे. पलीकडे काहीच दिसत नाही, घंटाघरही नाही. विलगीकरणाचे घर काठालाच आहे, एवढे माहीत आहे. बाहेर बाक असेल, ती तिथे बसली असेल. मी बुरुजाच्या कडेला गेलो. हाक मारता येत नाही, दोन्हींतले कोणतेच नाव घेऊन नाही. म्हणून खोकलो. एकदा, नीट, पाण्याकडे तोंड करून.

बराच वेळ काही आले नाही. मग धुक्यातून कुणी तरी खोकले.